जीर्णोद्धार कशाचा?

नीतिशास्त्राच्या वर्गात एक प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याची चाल फार जुनी आहे. चित्रशाळेला आग लागली आहे. आत एक मूल आहे व एक अद्वितीय चित्र आहे. दोहोंपैकी एकच बाहेर काढता येईल. तर काय काढावे? विद्यार्थी मूल म्हणतात, व ते योग्यच आहे. एखादा चतुर विद्यार्थी हट्टाने चित्राची बाजू घेतो, थोडा हशा होतो, आणि तास संपतो. पुष्कळ वर्षे हा प्रश्न विचारून आमचे असे मत झाले आहे की, त्याचे उत्तर बरोबर असले तरी तो विचारण्याची वेळ चुकीची आहे. आग भडकल्यानंतर नीतीला फारसे काम उरलेले नसते. चित्रशाळेला दुसरे दार का नव्हते, पाण्याचे हौद कोरडे का होते, पहारेकऱ्याचा पगार कोणी व कशासाठी बंद केला, हे प्रश्न आगीपूर्वीचे; आणि त्या प्रश्नांपुढे उभे केले असता मूल व चित्र हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी राहत नाहीत, एकाच हलगर्जीपणाचे दोन बळी ठरतात.

हा विचार नुसता तर्कातला नव्हे, हे काठमांडूच्या उदाहरणाने फार स्पष्ट होते. २५ एप्रिल २०१५ रोजी दुपारचे बारा वाजण्यास थोडा अवकाश असता नेपाळात ७.८ महत्तेचा भूकंप झाला. पुढे १२ मे रोजी ७.३ महत्तेचा दुसरा झाला; आणि ह्या आपत्तीत सुमारे नऊ हजार माणसे मृत्यू पावली. तो दिवस शनिवारचा, म्हणजे तिकडील सुटीचा. शाळा बंद होत्या म्हणून असंख्य मुले वाचली. आणि त्याच सुटीमुळे धरहरा नावाच्या मनोऱ्यावर शहर पाहण्याकरिता तिकीट काढून चढलेली माणसे मनोऱ्याबरोबर खाली आली. काठमांडू, पाटण व भक्तपूर ह्या तीन जुन्या राजधान्यांच्या दरबार-चौकांतील अनेक देवळे विटांचे व कोरीव लाकडांचे ढीग होऊन पडली. ज्या काष्ठमंडपावरून काठमांडूला आपले नाव मिळाले असे मानतात, त्यात त्या घटकेस रक्तदानाचे शिबिर चालू होते. रक्त देण्यास व घेण्यास जमलेल्यांपैकी काहीजण तेथेच गाडले गेले. चित्र आणि मूल येथे वेगळे करता येण्यासारखे नव्हते.

अशा वेळी देवळांकरिता हळहळणे हे माणुसकीस धरून आहे काय, अशी शंका पुष्कळांच्या मनात येते, आणि ती उडवून लावण्याजोगी नाही. दूरदेशीचा प्रवासी ज्या शिखराचे छायाचित्र घरी टांगतो ते पडले म्हणून तो उसासा टाकतो, आणि त्या शिखराच्या सावलीत भाजी विकणारी बाई मेली ह्याची त्याला वार्ताही नसते. असला शोक खरोखर ओंगळ आहे. परंतु ह्यावरून इमारतीबद्दलचा सगळाच शोक ओंगळ ठरत नाही. काष्ठमंडप हे वस्तुतः देऊळ नव्हे. तो सत्तल, म्हणजे वाटसरूंनी टेकावयाची सार्वजनिक ओसरी. तिच्या मध्यभागी गोरखनाथाची मूर्ती होती, व नाथपंथाचे योगी तेथे पिढ्यानपिढ्या राहत असत. ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा ज्याच्यापाशी जाऊन पोचते त्याच गोरखनाथाच्या पायाशी तिकडचे हमाल दुपारची झोप काढीत, हे ऐकून महाराष्ट्रीय वाचकाला ती वास्तू तितकीशी परकी वाटू नये. पाहुण्याला जे स्मारक, ते राहणाऱ्याला अंगण असते. अंगण गेल्याचे दुःख हे माणसाचेच दुःख होय.

आता, आपत्तीत दोष कोणाचा? हा वाद भूकंपाइतकाच जुना आहे. १७५५ साली लिस्बन शहर उद्ध्वस्त झाले तेव्हा व्हॉल्तेअरने त्यावर कविता लिहून जगन्नियंत्याच्या दयाळूपणाविषयी शंका घेतली. दुसऱ्या वर्षी रूसोने त्याला एक लांबलचक पत्र पाठविले. त्यात त्याने काढलेला मुद्दा फार मार्मिक आहे : सहा-सात मजल्यांची वीस हजार घरे तेथे एके ठिकाणी निसर्गाने रचून ठेविलेली नव्हती. आपल्याकडे हाच वाद निराळ्या वेषात आला. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपाने उत्तर बिहार व नेपाळ ह्यांत मिळून दहा हजारांहून अधिक माणसे बळी घेतली. त्या वेळी अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर असलेल्या गांधीजींनी हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेले शासन होय, असे सांगितले. रवींद्रनाथ ठाकुरांनी तीव्र निषेध लिहून पाठविला, व गांधीजींनी तो आपल्या उत्तरासह ‘हरिजन’मध्ये छापला. ठाकुरांचे म्हणणे आम्हांस निःशंकपणे मान्य आहे. भूगर्भातील खडक सरकताना कोणाच्या पापपुण्याची चौकशी करीत नाही. तशी तो करीत असता तर अस्पृश्यांच्याच झोपड्या त्याने आधी का पाडाव्या, ह्याचे उत्तर कोणी देऊ शकले नसते. तथापि गांधीजींच्या विधानातील एक गोष्ट चुकीच्या जागी ठेविलेली असली तरी निर्मूळ नव्हे. आपत्ती आपल्याला काही विचारते, असे त्यांना वाटत होते. जमीन का हलली, ह्याचा जाब माणसाला देता येत नाही. भिंत का पडली, ह्याचा मात्र द्यावाच लागतो.

काठमांडूच्या खोऱ्यातील भिंतींचा हा जाब ऐकण्यासारखा आहे. हे खोरे म्हणजे प्राचीन काळचे एक सरोवर. मंजुश्रीने खड्गाने डोंगर कापून चोभारच्या घळीतून पाणी वाहून लाविले व तळ वस्तीला मोकळा केला, अशी बौद्ध कथा आहे. आणि भूगर्भवेत्तेही ते सरोवरच होते असे म्हणतात. त्या मऊ गाळावर शहरे वसली, व भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत हिमालयाखाली शिरत असल्यामुळे ती शहरे दर काही पिढ्यांनी हलत आली. १२५५ सालच्या भूकंपात राजा अभय मल्ल ह्याचा अंत झाला. १८३३, १९३४ व २०१५ ही त्यानंतरची ठळक साले. ज्या कारागिरांनी येथे देवळे बांधली ते ह्या धरणीचा स्वभाव ओळखून होते. त्यांची भिंत विटांची व चिखलमातीत बांधलेली. पण त्या भिंतीत जागोजाग आडवी लाकडे घालून ती कमरपट्ट्याप्रमाणे आवळलेली असे, सांधे खिळ्यांऐवजी लाकडी पाचरांनी बसविलेले असत, आणि छपराचे ओझे कोरीव तिरप्या टेकूंवर वाटून दिलेले असे. असली इमारत हिसका बसला असता कडकन मोडत नाही. करकरते, डुलते, आणि बहुधा पुन्हा जागेवर येते. भक्तपूरचे न्यातपोल देऊळ राजा भूपतींद्र मल्ल ह्याने १७०२ च्या सुमारास बांधविले. पाच चढत्या जोत्यांवर पाच छपरांचे सुमारे शंभर फूट उंच असे हे देऊळ. १९३४ च्या भूकंपात ते उभे राहिले, आणि २०१५ मध्येही वरच्या भागास थोडी इजा होऊन उभे राहिले.

जुने ते सारे सोने, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. ह्याच पद्धतीच्या पुष्कळ भिंती बाहेरून सुंदर व आतून पोकळ होत्या. दोन दर्शनी थरांच्या मध्ये तुकडेताकडे व माती भरलेली, आणि ते थर एकमेकांस बांधलेले नाहीत. त्या फुगून फुटल्या. शिवाय न्यातपोल उभे राहिले म्हणून त्याचे गुणगान करावे आणि पडलेल्या शेकडोंना विसरावे, हा न्याय जिवंत राहिलेल्याच्याच साक्षीवर निकाल देण्यासारखा आहे. म्हणून पडलेल्या एका इमारतीचीच साक्ष घेऊ.

काष्ठमंडप कोसळला तेव्हा पुष्कळांचा पहिला तर्क असा की, इतक्या जुन्या इमारतीचा पाया कुजून गेलेला असणार. तो उपसून काढावा व खाली सिमेंट-काँक्रीट घालावे. पुढे नेपाळच्या पुरातत्त्व खात्याने व इंग्लंडातील डरहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी तेथे उत्खनन केले. वास्तू बाराव्या शतकातील असावी असा तोपर्यंतचा समज होता. खाली जाऊन पाहतात तो पाया सातव्या शतकाच्या आसपासचा. आडव्याउभ्या भिंतींनी नऊ घरे पाडलेला, मंडलाच्या आकाराचा. आणि तेरा-चौदाशे वर्षे व इतके भूकंप सोसून तो शाबूत होता! दोष वेगळ्याच ठिकाणी निघाला. सगळी वास्तू मध्यावरच्या चार अजस्र खांबांवर तोललेली होती. आपल्या वाड्यांत लाकडी खांबाखाली जसा दगडी तळखडा असतो, तसे तळखडे ह्या खांबांनाही होते, व खांबाच्या तळाची खुंटी त्यात बसून खांब हलणार नाही अशी योजना होती. त्या चारांपैकी ईशान्येकडील खांब आपल्या तळखड्याशी जोडलेलाच नव्हता. तळखडा फरशीखाली झाकला गेलेला होता. म्हणजे मधल्या काळात केव्हातरी, आणि तेही दुरुस्तीच्या नावाखाली, फरशी नीटनेटकी करण्यात आली व खांब नुसताच तीवर टेकलेला राहिला. पाहणाऱ्याला चारही खांब सारखेच दिसत. पूजा होत होती, प्रवासी येत होते, आणि चारांतील एक खांब केवळ उभा असल्याचे सोंग करीत होता.

आमच्या मते ह्या एका खांबात आपल्या प्रश्नाचे मर्म साठविलेले आहे. मूळ बांधणाऱ्यांनी कसूर केली नाही. धरणीने जे करावयाचे तेच केले. कसूर झाली ती मधल्यांची, म्हणजे सांभाळणाऱ्यांची. वारसा ह्या शब्दाने आपण सहसा वस्तू समजतो : देऊळ, वाडा, किल्ला, मूर्ती. परंतु खांब तळखड्यावर का बसवावयाचा हे ज्याला ठाऊक आहे असा सुतार, त्याला बोलावण्याचे ज्याच्या अंगावर काम आहे असा कोणी गृहस्थ, आणि त्याची मजुरी ज्यातून द्यावयाची असे काही उत्पन्न, ही तिन्ही मिळून वारसा होतो. ही तिन्ही तुटली की वस्तू मागे राहते, पण ती मागे राहते एवढेच.

नेपाळातील नेवार समाजात ही तिन्ही एकत्र बांधणारी एक संस्था होती. तिला गुठी म्हणतात. देवळाच्या, धर्मशाळेच्या किंवा पाणवठ्याच्या नावाने जमीन तोडून द्यावयाची, तिच्या उत्पन्नातून पूजा, उत्सव व दुरुस्ती चालवावयाची, आणि हे काम ठराविक कुळांनी वंशपरंपरेने वाहावयाचे, अशी ती व्यवस्था. आपल्याकडील देवस्थान-इनामाशी तिचे नाते वाचकाच्या ध्यानात येईलच. गुठीचे काम वरवर पाहता क्षुल्लक. मातीच्या थरावर कौले बसविलेल्या छपरावर पावसाळ्यात गवत उगवते, कधी पिंपळाचे रोप धरते. ते वर चढून उपटावयाचे, फुटकी कौले बदलावयाची. हे काम चार-दोन वर्षे राहिले की मुळे कौले उचलतात, पाणी आत झिरपते, आणि तुळईचे भिंतीत दडलेले टोक कुजू लागते. बाहेरून काहीच दिसत नाही. पुढे एखाद्या शनिवारी जमीन हलते, आणि आपण म्हणतो की भूकंपाने देऊळ पाडले. १९६४ साली पुष्कळशा गुठ्या एका सरकारी संस्थानाखाली आणण्यात आल्या. जमिनीच्या कायद्यांनी व वाढत्या शहराने उत्पन्नाला ओहोटी लागली. देवळांचे मालक कागदोपत्री अधिक स्पष्ट झाले, व गवत उपटणारे नाहीसे झाले.

गुठीची थोरवी गाताना तिचा दुसरा अंगही सांगितला पाहिजे. तिची कामे जातीजातींत वाटलेली होती, आणि गुठीची जमीन कसणारी कुळे पिढ्यान्‌पिढ्या राबूनही जमिनीवर आपला हक्क सांगू शकत नव्हती. देवळाचे छप्पर ज्याच्या घामातून शाकारले जाई त्याच्या स्वतःच्या छपराची विचारपूस कोणी करीत असे काय, हा प्रश्न विचारल्यावाचून परंपरेचे कौतुक करणारा माणूस आम्हांला पुरता प्रामाणिक वाटत नाही. २०१९ च्या जून महिन्यात गुठ्यांसंबंधी नवे विधेयक आले तेव्हा काठमांडूच्या रस्त्यांवर प्रचंड जनसमुदाय लोटला व सरकारला ते परत घ्यावे लागले. लोकांना ही संस्था आपली वाटते, एवढे त्यावरून निर्विवाद सिद्ध झाले. कुळांच्या तक्रारींचे काय, हे मात्र त्यावरून सुटले नाही.

देवळाकडून घराकडे आलो म्हणजे प्रश्न अधिक बोचरा होतो. कारण देवळात माणूस घटकाभर असतो, घरात रात्रभर. खोऱ्यातील जुने नेवार घर तीन-चार मजल्यांचे, एका अंगणाभोवतीच्या रांगेत शेजारच्या घराला खांदा लावून उभे असलेले. बाप वारला म्हणजे भाऊ वेगळे होतात. आपल्याकडे वाड्याची वाटणी होते ती बहुधा आडवी किंवा खोल्याखोल्यांनी. तिकडे ती उभी होते. प्रत्येक भावाला तळापासून छपरापर्यंत एक चिरफाळी मिळते, प्रत्येकजण आपला जिना वेगळा करतो, आणि मधली भिंत उभी राहते. मग ज्याच्या हाती पैसा येतो तो आपली चिरफाळी पाडून तेथे काँक्रीटचे पाच मजले चढवितो. ज्याच्या हाती येत नाही तो जुन्या चिखलमातीच्या चिरफाळीत राहतो, आणि आजवर दोन्ही बाजूंनी मिळत असलेला खांदा त्याला आता मिळत नाही. कोणी जुन्या भिंतींवरच नवा काँक्रीटचा मजला ठेवून देतो, म्हणजे म्हाताऱ्याच्या डोक्यावर धोंडा दिल्यासारखे. कायद्याने ज्याचा त्याचा वाटा चोख मोजून दिलेला असतो. भिंतीला मात्र वाटणीपत्र वाचता येत नाही. भाऊबंदकीने घरे मोडतात हे आपण लाक्षणिक अर्थाने म्हणत आलो. येथे ते वाच्यार्थाने खरे झाले.

ह्या घरमालकाला भूकंपानंतर सरकारने घर बांधण्यास तीन लाख नेपाळी रुपये, तेही हप्त्याहप्त्याने, देऊ केले. त्यातून शहरात घर उभे राहत नाही. अशातच जुन्या शहराचे रूप टिकावे म्हणून दर्शनी भाग पूर्वीसारखाच, म्हणजे तासलेल्या विटांचा, कोरीव खिडक्यांचा व कौलारू छपराचा असावा, असे नियम त्याला दाखविण्यात आले. नियम चूक आहेत असे नाही. पण सौंदर्य जगाच्या डोळ्यांना मिळावे, कीर्ती राष्ट्राला मिळावी, आणि कर्ज मात्र एका कुंभाराने किंवा एका शेतकऱ्याने काढावे, हा व्यवहार न्याय्य कसा म्हणावा? १९७९ पासून हे खोरे जागतिक वारशाच्या यादीत आहे, म्हणजे ते सर्व मानवजातीचे आहे असे ठरले. ते खरोखर सर्वांचे असेल तर त्याच्या खिडकीचा खर्चही काही अंशी सर्वांनी सोसला पाहिजे. भक्तपूरच्या नगरपालिकेने दर्शनी विटा, लाकूड व कौले ह्यांच्या खर्चाचा काही भाग स्वतः उचलण्याची पद्धत ठेविली आहे. तीत आम्हांला पुष्कळ सभेंतील ठरावांहून अधिक नीतिमत्ता दिसते.

उलट पक्षी, जुन्याची भीती घेऊन ते सर्वस्वी टाकून दिल्यास काय होते, हे पाहण्यास आपल्याला महाराष्ट्राबाहेर जावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले असता, किल्लारीच्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गाडली. तेथील भिंती दोन-तीन फूट रुंद, गोलसर दगडांच्या व चिखलातल्या; दोन्ही बाजूंना जोडणारा आरपार दगड त्यांत क्वचित; आणि वर मातीचे जाड माळवद. पण ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, कित्येक घरांत भिंती ढासळल्या तरी आतील लाकडी खांब व तुळया, म्हणजे ज्याला आपण खण म्हणतो तो सांगाडा, उभाच राहिला. लोकांनी दोष दगडाला दिला. वैर दगडाशी नव्हते. दगड बांधण्याची जी रीत विसरली गेली तिच्याशी होते. परंतु ज्याच्या छातीवरून आपल्या मुलाला काढण्यासाठी धोंडे उचलावे लागले त्याला हा तर्क सांगण्याचे धैर्य कोणाला व्हावे? बावन्न गावे मुळातून उठवून दूर नेली गेली, सरळ रस्त्यांच्या कडेने सारख्या घरांच्या रांगा झाल्या. जीव सुरक्षित झाला, हे थोडे नव्हे. पण शेजार गेला, ओटा गेला, आणि दगड-लाकडाचे शहाणपण सुधारून घेण्याची संधीही बहुतांशी गेली.

मग जुने जसेच्या तसे उभारावे, की आत नवे घालून? येथे शास्त्र्यांचे दोन पक्ष आहेत. शुद्धतावादी म्हणतात, देवळात पोलाद घालणे ही लबाडी आहे. भक्तपूरच्या दरबार-चौकात च्यासिलिन नावाचा अष्टकोनी मंडप होता. तो १९३४ मध्ये पडला व अर्धशतकाहून अधिक काळ त्या जागी काही नव्हते. १९९० च्या सुमारास जर्मनीच्या साहाय्याने तो पुन्हा बांधण्यात आला, व बांधणाऱ्यांनी आत पोलादी सांगाडा घातला. त्यावर पुष्कळ नाके मुरडली गेली. २०१५ मध्ये त्याच्या अगदी शेजारचे वत्सला देवीचे देऊळ कोसळले आणि मंडप उभा राहिला. ह्यापुढे पोलादाला सरसकट असत्य म्हणणे कठीण आहे. याच्या उलट राणीपोखरीचे उदाहरण. राजा प्रताप मल्लाने पुत्रशोकाने विव्हळ झालेल्या राणीकरिता सतराव्या शतकात हा तलाव खोदविला. त्याच्या दुरुस्तीत काँक्रीट वापरण्यास आरंभ होताच नागरिकांनी हरकत घेतली, ते काम थांबले, आणि २०२० साली तेथील देऊळ विटा व सुर्खीचेच पुरे झाले. आणि धरहरा? तो १९३४ मध्येही मोडला होता व पुन्हा उभारला होता. २०१५ मध्ये पुन्हा गेला. आता जुन्याचा बुंधा बाजूला राखून काँक्रीटचा, पूर्वीहून उंच असा नवा मनोरा उभा आहे. २०२१ च्या एप्रिलात त्याचे उद्घाटन झाले. हा जीर्णोद्धार म्हणावा की नवे बांधकाम, ह्याविषयी दोन मते होणे शक्य नाही असे आम्हांस वाटते. त्याला जुने नाव देण्याचे कारण इतकेच की, नवे नाव दिले असते तर कोणी पैसा खर्च करू दिला नसता.

मिलिंद राजाला नागसेनाने विचारलेला रथाचा प्रश्न येथे आठवतो. चाक रथ नव्हे, आस रथ नव्हे, जू रथ नव्हे. मग रथ कोठे आहे? इमारतीच्या बाबतीत ह्याचे जे उत्तर आम्हांला समाधानकारक वाटते ते असे की, जोपर्यंत ती मोडली असता दुरुस्त करण्याचे ज्ञान त्या जागी राहणाऱ्यांपाशी आहे तोपर्यंत ती तीच आहे. मग तिच्यातले प्रत्येक लाकूड बदलले तरी चालेल, आणि पुढचा सुतार ज्याची झडती घेऊ शकेल अशा रीतीने एखादा पोलादी पट्टा घातला तरीही चालेल. ज्या भरीव काँक्रीटच्या आत काय कुजते आहे हे पन्नास वर्षांनी कोणालाच पाहता येणार नाही, ते मात्र चालू नये. कारण त्याने उद्याच्या माणसाला आपण अडाणी करून ठेवतो.

हे उत्तर आम्ही पुस्तकातून काढले आहे असे कोणी म्हणेल. पण पाटणच्या मच्छिंद्रनाथाचा रथ त्याला साक्ष आहे. हा साठ-एक फूट उंचीचा रथ लाकूड व वेत ह्यांचा, आणि दरवर्षी यात्रेपूर्वी नव्याने उभारला जातो. लाकूडकाम बाराही नावाच्या कुळांनी करावयाचे, वेताची बांधणी यांवाल कुळांनी. तो डुलत डुलत चालतो, कधी एका अंगाला कलतो, कधी पडतोही. तो पडणे अशुभ मानतात, आणि लगेच पुन्हा उभारतात. २०१५ हे त्याच्या बारा वर्षांनी येणाऱ्या मोठ्या यात्रेचे वर्ष होते. रथ वाटेवर असतानाच भूकंप झाला. बुंगमतीचे मच्छिंद्रनाथाचे शिखराचे देऊळ पार भुईसपाट झाले, यात्रा थांबली. पण त्याच वर्षी रथ पुन्हा सज्ज होऊन निघाला. देवळाला मात्र कित्येक वर्षे लागली. जे काम हाताला दरसाल करावे लागते ते हात विसरत नाही. देवळाचे काम शतकातून एकदा निघते, व तेव्हा ते जाणणाऱ्याला शोधत फिरावे लागते. भूकंपानंतर कोरीव काम करणारे सुतार व जुन्या रीतीचे गवंडी ह्यांची टंचाई पडली ती ह्यामुळेच. तरुण मुले मजुरीसाठी आखाती देशांत गेलेली, आणि सरकारी कामाचा मक्ता सर्वांत कमी रकमेला देण्याचा नियम.

काष्ठमंडपाच्या बाबतीत ह्या मक्त्याच्या पद्धतीविरुद्ध लोक उठले. स्थानिक नागरिकांनी आग्रह धरला की, ही वास्तू ठेकेदाराने नव्हे तर आम्ही बांधू, आणि पुष्कळ भांडणानंतर काम त्यांच्या समितीकडे आले. शाबूत पाया जागेवर ठेवून, नवे प्रचंड खांब आणून, भूकंपानंतर सुमारे सात वर्षांनी मंडप पुन्हा उभा राहिला. खांब ह्या वेळी तळखड्यांवर बसविलेले आहेत. छपरावर नवी कौले आहेत. दोन-चार पावसाळे त्यांच्यावरून गेले म्हणजे सांध्यांत माती धरेल व गवत येईल. ते काढण्यास वर कोण चढणार, त्याला मजुरी कोणत्या खात्यातून मिळणार, आणि तो म्हातारा झाल्यावर त्याच्या जागी कोणी शिकून तयार होत आहे काय, ह्याची चौकशी उद्घाटनाच्या बातम्यांत सहसा कोणी करीत नाही.